कॅसेटवर नसलेलं कडवं

बुवा, तुमची टँकरची गवळण आता कुणाला ऐकायला मिळत नाही. एका कॅसेट कंपनीने तक्रार केली की गाणं आमच्या शाहिराचं आहे, ह्या माणसाने चोरलं, आणि इंटरनेटवाल्यांनी ते काढून टाकलं. हा माणूस म्हणजे मी. इंटरनेट म्हणजे काय ते सांगत बसत नाही, मलाही पुरतं कळत नाही. पोरगी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते, तिने माझी जुनी कॅसेट तिथे चढवली. गावची, मुंबईची, दुबईला गेलेली माणसं ऐकायची आणि खाली लिहायची, काका, जुने दिवस आठवले. आज किती माणसं जोडली गेली ते पोरगी रोज संध्याकाळी सांगायची. मी म्हणायचो, मला काय करायचंय. पण चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा असायचो. तक्रार आली तशी तीच माणसं 'चोर' लिहायला लागली. रोज थोडी गळाली. आता पोरगी आकडा सांगत नाही, मी विचारत नाही.

त्यांच्या शाहिराने गाणं केलं म्हणे! सातिवलीचा आपला पत्र्याचा गाळा मला अजून दिसतो. तुम्ही पॉवर प्रेसवर, मी शेजारी खोके भरतोय. प्रेस धाडकन खाली येते, त्या ठेक्यावर तुम्ही ओळ जुळवताय आणि माझ्या कानात ओरडताय, 'लिही, लिही, जाईल!' मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतो. तुम्हाला सहीपुरतं यायचं, मी सातवीपर्यंत गेलेला, म्हणून मी तुमचा कारकून. संध्याकाळी मनवेलपाड्याला तुमच्या खोलीत पुठ्ठ्यावरचं वहीत उतरवायचं. काकी कुळथाची पिठी ढवळता ढवळता ऐकायच्या. 'राधेला पण टँकरच्या लायनीत उभी केलीत? तिला तरी सोडा!' तुम्ही म्हणालात, पाण्याला आल्याशिवाय कृष्ण भेटणार कसा? तो येतो नि तिची कळशी फोडतो. काकी म्हणाल्या, 'कळशी प्लास्टिकची आहे, फुटेल कशी?' तुम्ही मला म्हणालात, खोड ते, 'लपवतो' लिही. ती खोडलेली ओळ वहीत अजून आहे.

आणि तो गणपती. चौथं कडवं झालं, पलीकडे चहा आला, माणसं उठायला लागली, म्हणून मी गाणं तिथेच थांबवलं. तुम्ही ढोलकी खाली ठेवलीत. सगळ्यांसमोर म्हणालात, 'मेल्या, पोराला शाळेत घातलंस आणि बापाचं नाव लावायला विसरलास?' पाचव्या कडव्यात तुमच्या गुरूंचं नाव, मग तुमचं. आपल्याकडे गाणं कुणाचं ते गाणंच सांगतं, वेगळा कागद लागत नाही. तुम्ही ते कडवं माझ्याकडून रिकाम्या सतरंजीसमोर म्हणून घेतलंत. ऐकायला एकट्या काकी, हातात कपांचा ट्रे घेऊन. मला इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी कामावर तुमच्याशी बोललो नाही. जेवायला बसलो तर माझ्या डब्यावर तुमच्या झांजा ठेवलेल्या.

तुम्ही गेलात, पुढच्या वर्षी मी कॅसेट काढली. तीच आता पोरगी पुन्हा लावून बसली, कंपनीला उत्तर द्यायला पुरावा शोधत. चार कडव्यांनंतर म्हणाली, 'पप्पा, पाचवं कुठंय? वहीत तर आहे.' मी म्हटलं, टेप संपली होती. तिने टेप बंद केली नाही. नुसती खरखर चालू राहिली. खूप वेळ. 'पप्पा, ही अजून चालूच आहे.' मी पाणी प्यायला उठलो.

मग तिने वही पुढे ओढली. 'अक्षर तुमचं, कागद जुना. तुम्हीच केलंय म्हणून कळवू. गाणं परत येईल, माणसंही येतील. विचारायला कोण येणार आहे?' खरंच कोण येणार? काकीही गेल्या, तुम्हाला मूल नाही. दोन दिवस मी चिडचिड केली, भाजीत मीठ कमी म्हणून ओरडलो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, वही ठेव, तो माईक लाव. तुमच्या झांजा घेतल्या आणि पाचही कडवी गायलो. आधी सांगितलं, गवळण माझ्या बुवांची, कॅसेटवर मी माझं नाव घातलं, ते चुकलं. पोरगी म्हणाली, 'हे टाकलं तर उरलेले पण जातील.' म्हटलं, जाऊ देत.

गेले. कंपनीने तेही काढायला लावलं. म्हणाले, बुवांचं असेल तर बुवांचा कागद आणा. कुठून आणू? पण पोरगी तुमच्यासारखी हट्टी. तिने पाचवं कडवं तेवढं तोडून वेगळं चढवलं. त्याला कंपनी हात लावू शकत नाही, कारण ते त्यांच्या कॅसेटवर नाहीच. त्यांनी उचललं माझ्या कॅसेटवरून, मी जे गाळलं ते त्यांना मिळणार कसं? म्हणजे आता तिथे राधा नाही, टँकर नाही, कळशी नाही. तुमच्या गुरूंचं नाव आणि तुमचं, एवढंच वाजतं. ऐकायला नऊ जण उरलेत, त्यात एक पोरगी. त्या दिवशीच्या सतरंजीपेक्षा बरं म्हणायचं.

हे पाठवायचं कुठे? वहीत गवळणीच्या पानात घालून ठेवतो. कबूल करायचं ते पोरीसमोर केलं, माईकवरही केलं. एक तेवढं नाही सांगितलं. स्टुडिओवाल्याने पेन काढून विचारलं होतं, 'गीतकार कोण लिहू?' मी माझं नाव सांगितलं. त्याने ते छापील अक्षरात लिहून माझ्यासमोर धरलं. तेव्हा मला वाईट नव्हतं वाटलं, बुवा. बरं वाटलं होतं.