निळ्या डब्यातलं तेल

प्रिय मानूसोस,

क्रीटहून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, शेळ्याही आहेत. फोनवर तू "ताई, मीटिंग आहे" म्हणून मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

मला तुझा संशय येतोय. ईस्टरला येऊन गेलास तेव्हापासून येतोय. कोकराचं मटण पुढ्यात असताना तू नुसता पाव कुरतडत बसलास. जेवताना तीनदा उठलास. पट्ट्याला नवं भोक पाडलंस, तेही घरच्या सुरीने, वाकडं. म्हणजे बायकोच्या नकळत. लहानपणापासून चर्चमध्ये पुढे घुसणारा तू, यंदा दाराला चिकटून उभा होतास. मी म्हातारी झाले असेन, आंधळी नाही झाले.

तपासणी केलीस का विचारलं, तर "केली, सगळं साफ आहे," म्हणालास. इतक्या झटकन? साधे बूट घ्यायचे तर तू दुकानात तासभर घोळ घालतोस. मग मी तुझ्या डेस्पिनाला फोन केला. शेळीच्या करडांच्या गप्पा मारता मारता हळूच विषय काढला. बिचारी म्हणाली, "कसली तपासणी, ताई?" मी तिला काही बोलले नाही. ते तुझं तू बोल.

बाबांना आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. तुला सप्टेंबरात छप्पन्न पूर्ण होतील. तेव्हाच डॉक्टरांनी आपल्या दोघांना बजावलं होतं, की तुम्ही वेळेवर तपासून घेत चला. मी दोनदा नळी घालून घेतली. लाज वाटली, पण लाजेने कोणी मरत नाही. दुसऱ्या खेपेला एक बारीक गाठ निघाली, ती तिथल्या तिथे काढली. तुझं मात्र एकच पालुपद: "मी रोज अनशापोटी आपल्या झाडांचं दोन चमचे तेल घेतो, मला काय होतंय!" आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "ऑलिव्हचं तेल चांगलंच आहे, खुशाल खा. पण तेल खाल्लं म्हणून तपासणी चुकत नाही." बाबांनी तरी जन्मभर दुसरं काय खाल्लं होतं रे? त्यावर तू म्हणणार, ते सिगारेट ओढायचे. तुझ्याकडे उत्तर तयारच असतं.

म्हणून, जे माझ्याबरोबर थडग्यात जायचं होतं ते आज लिहिते. गुडघे गेल्यापासून आपली झाडं मी शेजारच्या लेफ्तेरीला देऊन टाकली आहेत. ऑलिव्ह तोच उतरवतो, तेलही तोच नेतो. ताईने बाबांची झाडं घालवली, असं तू म्हणशील या भीतीने मी गप्प राहिले. गेली नऊ वर्षं तुझ्या निळ्या डब्यात मी दुकानातलं सूर्यफुलाचं तेल भरून पाठवते, आणि वासापुरती वरून लेफ्तेरीची एक बाटली. पाहुण्यांना चाखवत तू म्हणतोस, "याला म्हणतात आमचं तेल!" तेव्हा मी भांडी घासायला उठते. ज्या तेलाच्या जिवावर तू उड्या मारतोस, ते नऊ वर्षांत तुझ्या पोटात धड गेलेलंच नाही, मानूसोस. हे वाचलंस की डेस्पिनाला सगळं सांग आणि उद्याच डॉक्टरांकडे जा. मला फार भीती वाटते रे. माझ्यावर चिडशील, चीड. दहा वर्षं बोलू नकोस, वीस वर्षं बोलू नकोस. मला तुझी तेवढी वर्षं हवी आहेत.

तुझीच, तेलात भेसळ करणारी ताई,
आर्गिरो