न बघता केलेली सही

३ फेब्रु.
पाच दिवस वही उघडली नाही. अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे. सिद्राम फिटरनं पंपाचा जोड खोलला नि किरणोत्सर्गी पाणी त्याच्या अंगावर उडालं. व्हॉल्व उघडाच होता. तो बंद आहे हे दोघांनी वेगवेगळं जाऊन बघायचं असतं. दुसरी सही माझी. पहिली सही करणारा म्हणाला, "बंद केलाय सर." पुन्हा संरक्षक सूट चढवून आत जायचा कंटाळा आला. बाहेर बसूनच सही केली. पाणी उडाल्यावर मीच धावत जाऊन व्हॉल्व बंद केला. ते कुणी बघितलं नाही.

७ फेब्रु.
सिद्रामच्या लघवीच्या नमुन्यात किरणोत्सर्ग निघाला. जिवाला धोका नाही म्हणतात. आतलं काम मात्र बंद. कंत्राटदारानं गावी धाडला. सिद्राम आमच्या जळकोटचाच. मीच आणलेला.
चौकशीचा निकाल: व्हॉल्व बंद सापडला, म्हणजे फिटरनं घाई केली, बंद व्हायच्या आधीच जोड खोलला. मला विचारलं, "तुम्ही तपासलं होतं?"
"हो."

१५ फेब्रु., जळकोट
रजेवर आलो. आई म्हणाली, "सिद्रामला भेटून ये. किरणं लागतील म्हणून त्याच्या हातचं पाणीसुदिक घेईनात लोक."
आज नाही गेलो.

१६ फेब्रु.
गेलो. त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "साहेब, माझीच घाई झाली आसंल. पर कागदावर तुमची सही बघितली, मगच पाना लावला म्या. तुमी बघितल्याबिगर सही करणार न्हाय."
चहा स्वतः न देता बायकोला आणायला लावला. "माझा हात नको, साहेब."
त्याच्याच हातचा मागायला पाहिजे होता. नाही मागितला. प्यालो नि उठलो.

१७ फेब्रु.
सकाळी रेंजसाठी हायवेवर जाऊन सुरक्षा विभागाच्या मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. न बघता सही, उघडा व्हॉल्व, नंतर मी बंद केला ते. सिद्रामचा दोष नाही.
म्हणाल्या, "लेखी द्या. त्याची चौकशी पुन्हा उघडावी लागेल." नि फोन ठेवता ठेवता, "अशा सह्या आधी कुठंकुठं केल्यात?"
आठवून सांगतो म्हटलं.
दुपारपासून वही घेऊन बसलोय. सहा जागा लिहून झाल्या. सातवी आठवते, पण ती बघितली होती की नाही, तेच आठवेना.