शिडाची गवसणी

सांगली, १४ ऑक्टोबर १९७४

आज होडीच्या शिडावरची गवसणी काढायला चेन ओढली आणि असा भपकारा आला की मी दोन पावलं मागं सरलो. बायकोनं, मंदानं हातमशीनवर शिवलेलं पांढरंशुभ्र शीड बुरशीनं काळं पडलंय! धाकट्या भावानं, वसंतानं मित्रांना नदीत फिरवून आणलं अन् ओलंच शीड प्लॅस्टिकच्या गवसणीत कोंबलं. विचारलं तर हसतो.

"आवं दादा, चेन लावली व्हती की!"

किळस कशाची जास्त, त्या वासाची की त्या हसण्याची?

मंदा शीड चाचपत राहिली. मग म्हणाली, "नवी गवसणी मी सुती शिवीन, खालनं वारा लागंल अशी. पण भावजी, पुन्यांदा होडीला हात लावायचा न्हाई."

वसंता माझ्याकडं बघत राहिला. मी त्याची बाजू घेतली नाही.