अर्धपोटी रातकिड्यांना बाटीचा चुरा

देवास,
गुरुवार

तीर्थरूप तात्या,

नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल आणि नालछ्याच्या वैद्यांचं तेल आत्या अजून पोळीच्या तव्यावर गरम करत नसेल, अशी आशा आहे. आम्ही दोघं ठीक आहोत. पत्र अशासाठी की तुमचा फोन आत्या उचलते, आणि विषय आत्याच आहे.

ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी इंदूरला परिषदेत होते. मागच्या खोलीत माझे रातकिडे होते (कॉलेजच्या प्रयोगशाळेत रंगरंगोटी चालू असल्यामुळे ते घरी आणले होते). जानेवारीपासून बंगलोरच्या संस्थेत सहा महिने काम मिळणार की नाही, हे त्यांच्यावर ठरणार होतं. प्रश्न साधा आहे. लांब पंखांच्या मादीनं उडण्याचे स्नायू सांभाळले तर अंडी उशिरा आणि थोडी होतात. अंडी धरली की तेच स्नायू विरघळू लागतात आणि गुलाबीचे पांढरे पडतात. खाणं कमी असेल तर ही ओढाताण स्पष्ट दिसते. म्हणून एक गट भरपेट ठेवला होता आणि दुसरा अर्धपोटी. मी नसताना विपुलचा गोंधळ होऊ नये म्हणून डब्यांवर मराठीत तसं लिहिलंही होतं. (चूक तिथेच झाली. आत्या राहणार त्या घरात 'अर्धपोटी' हा शब्द लिहून ठेवू नये.)

विपुल कारखान्यातून येईपर्यंत ती एकटीच असे. संध्याकाळी किडे ओरडू लागले की ती डब्यांपाशी जाऊन बसे. "मी इथे दोन वेळा जेवते आणि ही लेकरं भुकेनं रडताहेत," असं ती विपुलला म्हणाली. त्यानं सांगितलं की ओरडतात ते नर, माद्यांना बोलवायला. भुकेचा संबंध नाही. "म्हणजे लग्नाची मुलं, आणि उपाशी?" त्यानंतर बाटी कुस्करून, तूप लावून, अर्धपोटी गटाला मिळू लागली. भरपेट गटाला नाही, कारण त्यांचं पोट भरलेलं आहे असं डब्यावर लिहिलेलं होतं. (सूचना पाळण्यात ती काटेकोर आहे.) तू थांबवलं का नाहीस, असं मी विपुलला विचारलं. तो म्हणाला, "आत्यांना मी काय रोकणार? मलाच तिसरी बाटी नको म्हणता येत नव्हती."

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी परत येऊन अर्धपोटी गटातल्या माद्या चिरून पाहिल्या, तर स्नायू गुलाबी आणि अंडाशय गच्च भरलेले. इतक्या कमी खाण्यावर दोन्ही साधणारी मादी मी कुठे वाचलेली नव्हती. माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. सर सहसा 'हं' म्हणतात. त्या दिवशी 'क्या बात है' म्हणाले आणि मला न विचारता बंगलोरला कळवून मोकळे झाले. दुपारी डबे धुताना माझी बोटं तुपकट झाली. वास घेतला. ओवा. (हल्ली बाटीत ओवा घालणारी एकच व्यक्ती आमच्याकडे आली होती.) मग मी स्वतः बंगलोरला फोन करून शोध मागे घेतला आणि कारण सांगितलं.  तूप गाईचं की म्हशीचं, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं. त्या हसत असाव्यात. भरपूर खाणं मिळालं की ओढाताण दिसेनाशी होते हे शास्त्राला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे माझ्या हाती नवं काही नाही. प्रयोग पुन्हा करा, म्हणाल्या, पण इथे येऊन, कुलपाच्या खोलीत. म्हणजे जागा मिळाली.

आत्याबद्दल तक्रार नाही. घडलं ते तुम्हाला माहीत असावं, इतकंच. हे पत्र तिला वाचून दाखवू नये.

तुमची,
अवंती

ता. क. डॉक्टरांनी मे महिना सांगितला आहे. विपुलशिवाय कोणाला माहीत नाही. "बंगलोरचं काय मग?" एवढंच तो विचारतो. मी दोन्ही म्हटलं आहे, आणि ते मला एकटीला जमणार नाही. विपुलला इतकी रजा नाही. जानेवारीपासून आत्याला माझ्याबरोबर पाठवाल का? तुम्हीही या, संस्थेच्या क्वार्टरला दोन खोल्या आहेत.

पुन्हा ता. क. काय खावंसं वाटतं, असं ती विचारेल. सगळंच. एवढी ओळ तिला वाचून दाखवा.