सव्वासहाची हजेरी

मंगळवार, ४ मार्च

आजही नुसती खरखर! सकाळी सव्वासहापासून रेडिओला कान चिकटवून बसले होते. समुद्रावरच्या होड्यांची हजेरी घेणारे आजोबा (आवाजावरून मीच त्यांना आजोबा केलंय) एकेकाला पुकारत होते. त्यांचं यंत्र दांडगं, स्वच्छ ऐकू येतं. धाकट्या भावाच्या होडीचं नाव घेतलं. आणि त्याच्या उत्तराच्या जागी — चर्रर्र.

तो बोललाच नाही, की बोलला आणि मला ऐकू आलं नाही? ह्यात केवढा फरक आहे! दिवसभर तेच डोक्यात.

बुधवार, ५ मार्च

दातांच्या लॅबमध्ये एका कवळीचा पुढचा दात प्रमाणाबाहेर घासला. नवा बसवावा लागला. मालकीणबाई म्हणाल्या, "झोप झाली नाही का?" हो म्हटलं. काय सांगणार? की माझा सख्खा भाऊ एकटा शिडाच्या होडीतून समुद्र ओलांडायला निघालाय, आणि आमचं बोलणं नाही?

आई जाऊन महिना झाला नव्हता. "आत्ता गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस" — मीच म्हणाले. त्याने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही ऐकलं!

शुक्रवार, ७ मार्च

रेडिओवाले काका आले. धाकट्यालाही रेडिओवर बोलायला त्यांनीच शिकवलं, परवान्याच्या परीक्षेला बसवलं. माझ्याकडचा सेटही त्यांचाच. मी ऐकते हे त्याला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यांना.

बाल्कनीतली माझी तार बघून कपाळाला हात लावला. "अगं, हिला समुद्र लांब आणि घरातलं वायरिंग जवळ. ही कुणाचं ऐकणार?" मेन स्विच बंद केला, सेट बॅटरीवर लावला — खरखर निम्मी! मग एकेक वस्तू चालू करून बघितली. फ्रिज निर्दोष सुटला. ह्यांच्या फोनचा चार्जर काढला तर एक किर्र कायमची गेली. हे म्हणाले, "मीही किरकिरतोच, आता मलाही काढून ठेवा."

उरलेला गोंगाट इमारतीचा. तार घरापासून लांब न्यायला हवी.

शनिवार, ८ मार्च

गच्चीवर तार ताणली. लिफ्टच्या खोलीपासून शक्य तितकी लांब, विजेच्या तारांना आडवी. समांतर नको, असं काकांनी बजावलं होतं. हे खालून "डावीकडे, डावीकडे!" ओरडत होते. कुणाची डावी ते मात्र सांगेनात. हाताला फोड आलाय.

रविवार, ९ मार्च

ऐकला!! "...वारा पूर्वेचा..." दोनच शब्द. घसा बसलाय त्याचा. मग पुन्हा चर्रर्र.

मंगळवार, ११ मार्च

आजोबांनी त्याला तीनदा पुकारलं. काल दोनदा, आज तीनदा. मग दुसऱ्या एका होडीला विचारलं, "तुम्हाला तरी ऐकू येतोय का तो?" तिचं उत्तर खरखरीत गेलं.

जेवता जेवता उठले. ह्यांनी ताट झाकून ठेवलं.

गुरुवार, १३ मार्च

काकांनी तारेचं कडं करून दिलं. सायकलच्या चाकाएवढं, लाकडी दांड्यावर फिरणारं. मला वाटलं, ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे तोंड करायचं. "उलट! गोंगाट जिकडून येतो तिकडे ह्याचं तोंड कर. एका कोनात तो मरेल. तिथे थांब."

संध्याकाळभर गच्चीवर फिरवत बसले. बोटभर इकडे — गोंगाट, बोटभर तिकडे — गोंगाट. आणि समोरच्या छापखान्याकडे तोंड केलं तेव्हा एकदम सगळं पडलं. इतकं शांत, की सेट बंद पडला असं वाटलं!

शुक्रवार, १४ मार्च

जिवंत आहे. सुकाणू तुटलं होतं, बॅटऱ्या भिजल्या होत्या, हात कापलाय. सगळं स्वतः दुरुस्त केलं म्हणाला. शब्द न् शब्द ऐकला, शेजारी बसून बोलावा तसा.

आजोबांनी विचारलं, "किनाऱ्यावर कुणाला कळवायचंय? घरचं कुणी?"

तो म्हणाला, "नाही. घरचं कुणी नाही."

हेही शब्द न् शब्द ऐकलं.

शनिवार, १५ मार्च

आज ऐकलं नाही. — खोटं कशाला लिहू? ऐकलं. त्याचा हात बरा आहे.

रविवार, १६ मार्च

काकांकडे गेले. शपथ सोडवली. म्हटलं, मला परवाना नाही, तुम्ही बोला. "काय सांगू?" तीन वाक्यं लिहिली, तिन्ही खोडली. ह्यांनी कागद ओढून घेतला आणि लिहिलं — ताई ऐकते आहे. बस.

सोमवार, १७ मार्च

काकांचं घर. आजोबांनी हजेरी थांबवून काकांना बोलायला वाट करून दिली. काका म्हणाले, "अरे, तुझी ताई इथे बसलीय. रोज ऐकते तुला."

काहीच नाही. मी काकांच्या सेटच्या कड्याकडे हात नेला. काकांनी धरून ठेवला. "राहू दे. गोंगाट नाहीये. तो आहे तिकडे, ऐकतोय."

मग तो म्हणाला, "ताई, केव्हापासून?"