मारुतीचा शेंदूर आणि तुमचा फ्लॅश

पांढुर्णा,
दिवाळी पाडवा, १९५६

श्रीयुत मोरेश्वरराव जवाईबुवा यांस,

गुणवंताचा मनापासून नमस्कार. इकडे मायचे गुडघे सोडले तर सगळ्यांचं बरं आहे. संत्री रंगावर आली आहेत. तुमची नागपूरची कचेरी आता मुंबईला निघाली, त्यामुळे बांधाबांध चालू असेल. सुनंदानं लोणच्याच्या बरण्या स्वतःच्या हातानं बांधाव्यात, हमालावर सोडू नयेत, असा मायचा निरोप आहे.

आज सकाळी मी आंघोळ, पूजा आटोपली, जामसांवलीच्या मारुतीचं स्मरण केलं आणि तुमच्या फ्लॅशचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तरी काही झालं नाही. समोर देवघरापाशी माय नवं लुगडं नेसून, पदर नीट घेऊन बसली होती. जन्मात पहिल्यांदा ती फोटोला बसली, तेही सुनंदा मुंबईला जाण्याआधी तिच्या हाती मायचा एक तरी फोटो द्यायचा म्हणून. (अंगणात उन्हात बसली असती तर फ्लॅशची गरजच नव्हती. पण आल्यागेल्यानं पाहावं असं काही ती या वयात करणार नाही, आणि देवघरात दुपारीही समई लावावी लागते.) उद्या भाऊबीजेला हा फोटो कॅमेऱ्यातच घेऊन तुमच्याकडे यायचं, तिथे तो धुऊन घ्यायचा आणि ओवाळणीत घालायचा, असं मी ठरवलं होतं.

आता यंत्र बिघडलं म्हणून घाबरणारा मी नव्हे. शाळा माझी सातवीपर्यंतच झाली, पण मोटेपासून इंजिनपर्यंत सगळं मी स्वतः उघडून पाहिलं आहे, आणि त्यातलं बरंचसं परत लागलंही आहे. दसऱ्याला तुम्ही फ्लॅश देऊन गेलात तेव्हा जे शिकवलं ते मला शब्दशः पाठ आहे: आधी सेल, मग बल्ब, मग वायर. त्याच क्रमानं गेलो. सेल काढून टॉर्चमध्ये घातले, टॉर्च झकास लागला. मग बल्ब खरा की खोटा हे पाहण्यासाठी एक बल्ब थेट सेलला तार लावून पेटवला. तो असा काही पेटला की गाय दावं तोडून रघुनाथराव मास्तरांच्या अंगणात गेली. बल्ब खरा निघाला. (एक बल्ब एकदाच पेटतो, हे तुम्ही सांगितलं होतं. पण खरेपणा तपासायचा तर दुसरा उपाय काय होता?) दुसऱ्या बल्बाविषयी मनात किंतू राहू नये म्हणून तोही तपासला. तोही खराच होता. मग वायर उलटी लावली, सुलटी लावली, जरा पिळून पाहिली.

तोवर मास्तर आमची गाय घेऊन आले. ते शाळेतून निवृत्त झाले आहेत, शिकवण्यातून झालेले नाहीत. फ्लॅश हातात घेऊन, चष्मा वर करून म्हणाले, "गुणवंतराव, नवी राज्यं झाली, परवापासून नागपूर मुंबईवाल्यांचं अन् आपण भोपाळवाले झालो. हा फ्लॅश पडला नागपूरचा. परमुलखात काहून काम करन तो?" मी म्हटलं, मास्तर, कॅमेरापण नागपूरचाच आहे, तो तर चालतो. ते म्हणाले, "चालते का नाही ते फोटो धुतल्यावर समजन."

माय तेवढा वेळ हलली नाही. अधूनमधून विचारायची, "झालं का रे?" मी म्हणायचो, होऊन राहिलं. शेवटी प्रेमलता चुलीपासून उठून आली. (तुमच्या वहिनीला यंत्रातलं काही कळत नाही, पण माझ्यातलं सगळं कळतं.) ती म्हणाली, "काहून पेटन ते? दसऱ्याले तुमीच त्याच्या नरड्यात शेंदूर भरला ना."

गोष्ट खरी होती, पण त्यात चूक काही नव्हती. दसऱ्याला आपण घरातली सगळी हत्यारं पुजतो. विळा, कुऱ्हाड, तराजू पुजायचा आणि पाहुण्याचा फ्लॅश तसाच ठेवायचा हे मला बरं दिसलं नाही. कुंकू बाहेरून पुसलं जाईल म्हणून जामसांवलीहून आणलेला तेल-शेंदूर लावला, आणि तेज जिथून निघतं तिथेच, म्हणजे बल्ब बसतो त्या खोबणीत लावला. भक्ती माझी भरपूर, बोट जाड. शेंदूर आत पितळेवर बसून वाळला आणि वीज अडली.

आता प्रश्न यंत्राचा उरला नाही, धर्माचा झाला. मारुतीचा शेंदूर खरवडायचा कसा? मी थोडा वेळ डोळे मिटून बसलो. (मास्तरांना वाटलं झोप लागली.) मग मनात आलं, लंका जाळणाऱ्याला एका बल्बाची आग अडवण्यात काय गोडी असणार? नमस्कार केला, काडीला चिंधी गुंडाळून शेंदूर अलगद काढला, तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि पितळ राखेनं घासलं. डब्यातला शेवटचा बल्ब बसवला. बसला की नाही हे पाहायला बटणावर नुसतं बोट ठेवलं.

जवाईबुवा, तुमचा फ्लॅश अगदी उत्तम चालतो. सगळं घर पांढरं झालं. कॅमेऱ्याचं तोंड तेव्हा भिंतीकडे होतं.

बल्ब आता नागपूरशिवाय मिळायचा नाही. मास्तरांनी लगेच आखणी करून दिली: नागपूरला जायचं, बल्ब घ्यायचा, परत यायचं, फोटो काढायचा, पुन्हा नागपूरला जायचं, फोटो धुवायचा आणि नागपुरात सुनंदाला द्यायचा. माय हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "माझा फोटू न्यायले एवढा खटाटोप करून राहिले. मलेच नेऊन टाका ना. मी काय फोटूपेक्षा जड झाली?"

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर माय एवढ्या वर्षांत तुमच्या दारात आली नाही. त्याविषयी अधिक लिहीत नाही. आणि तीच आता पदर खोचून, कोणती गाडी धरायची ते मास्तरांना विचारत होती.

आपला,
गुणवंता

ता. क. : हे पत्र टपालात टाकलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी गाडीत बसून पुढचं लिहितो आहे, अक्षर हललं आहे ते गाडीमुळे. पोचलो की पत्र आधी आत तुमच्याकडे पाठवीन आणि मायला घेऊन दाराशी थांबेन. माझी खरी विनंती एवढीच की सुनंदाला आधी हे वाचून दाखवा. तिनं जेवणाचा, पाण्याचा आग्रह करू नये, आणि मायनं नको म्हटलं तर रडू नये. भाकरी आणि पाण्याची कळशी मायनं घरून घेतली आहे.

आणखी ता. क. : वरची विनंती रद्द समजावी. काटोल स्टेशन मागे पडल्यावर मायनं मला हळूच विचारलं, "सुनंदाकडचं पाणी गोड हाये का रे?" मी गोड आहे म्हणालो. मग तिनं घरच्या कळशीकडे पाहिलं. मी मारुतीचं नाव घेतलं, कळशी उचलली आणि सगळं पाणी तिच्यादेखत खिडकीतून ओतून दिलं. तिनं रिकामी कळशी पदरानं पुसली आणि बाकाखाली सरकवली.