छातीच्या उंचीवरचा खिळा

४ फेब्रुवारी
माझ्या हातचं काय काय आहे ते आधी लिहून ठेवतो. घरातला पलंग, तिन्ही खिडक्या, मोडीतून उभी केलेली बायकोची शिलाई मशीन, माझा ओळंबा आणि चढताना कमरेभोवती घेऊन खांबाला अडकवायचा चामडी पट्टा. पट्ट्याची कडी दुहेरी आहे. ताण असेपर्यंत कोणाच्या बापाला सुटणार नाही. सगळं बघून बघून शिकलो, कोणी शिकवलं नाही. आणि विजेचे खांब किती रोवले त्याची मोजदाद कोण करतो!

आज नव्या गावी रुजू झालो. खोली उजेडाची, पलंग तेवढा कुरकुरतो; उद्या पाचर मारीन. टेकडीच्या कडेने नवी लाइन टाकायची आहे. खांब लाकडी, सरळसोट, तेल मुरलेले. रस्त्याकडेला जुने गुडघ्याएवढे खुंट दिसले, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरा चिनीमातीचा इन्सुलेटर. एवढुशा खुंटावरून तार कोण ओढतो? मुकादम म्हणाला, आधीच्या मिस्त्रीची करामत. पोट धरून हसलो.

९ फेब्रुवारी
पहिले खांब उभे राहिले. लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत, भोवती दगडगोटे, थराथराने माती टाकून धुम्मसाने ठोकलेली. ओळंब्याला केसाचाही फरक नाही. रीतीप्रमाणे प्रत्येकावर माझ्या छातीच्या उंचीवर पितळी खिळा ठोकला. तीच माझी सही.

मेहुण्याचा फोन आला. भाऊजी, या वयात माकडासारखं चढणं शोभतं का, म्हणे. मागे बायको हसली. मला ऐकू आलं.

१३ फेब्रुवारी
खिळे पोटाशी आलेत. सगळ्या खांबांचे. एकही कललेला नाही, नुसते खाली गेलेत. मुकादमाने खिळा पाहिला, मग मला खालवर न्याहाळलं आणि म्हणाला, मिस्त्री, तुम्हीच वाढलात वाटतं. मजूर फिदीफिदी हसले.

खांब खचले असं कबूल केलं की मला घरचा रस्ता, आणि घरी मेहुणा दात काढायला बसलेलाच आहे. त्यापेक्षा बुडाशी उकरून फरश्या घातल्या. माझा खांब खचत नाही.

१७ फेब्रुवारी
खिळे गुडघ्याशी. उकरलं तर फरश्या नाहीत. नुसती माती, मऊ, कोमट.

मग जुन्या खुंटाशी खणलं. कमरेइतकं, मग पुरुषभर. खुंट संपेना. तो खुंट नाहीच, अख्खा खांब आहे, आत गेलेला. शेवटच्या खुंटाला मातीखाली चामड्याचा पट्टा आवळलेला. पट्टा बाजारचा, कडी एकेरी, शिवण गचाळ.

मुकादमाला दाखवलं. त्याने पायाने माती लोटली. म्हणाला, तो मिस्त्री गेल्यावर जमीन बरेच दिवस गप्प होती. गेला म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी
खिळे दिसत नाहीत. मुकादम चारचौघांत म्हणाला, तुमचं कामच कच्चं. माझं — कच्चं. वर चढून दाखवा म्हणाला, तुमच्याच खांबावर, हिंमत असेल तर. मग सगळे जेवायला गेले.

चढतोय. वरून ओळंबा सोडून जमिनीला टेकवतो. दोरी सैल पडली तर खांब खाली जातोय. डोळ्यांनी बघेन, मग बोलेन.

तोच दिवस, वर
दोरी सैल पडली.

आवाज नाही. पट्टा आवळतोय, कोणी खालून ओढावा तसा. कडी सुटत नाही — सुटणारच नाही, मी केलीय. सुरी खाली, पिशवीत.

हाका मारल्या. मुकादम झाडाखाली. जेवतोय. वर बघत नाही.

बूट टेकले. मऊ — थांबत नाही —

कमरेपर्यंत. कोमट.

मेहुणा म्हणाला होता, गोदामावर बसा भाऊजी. खुर्ची, पंखा, नुसत्या चाव्या सांभाळायच्या. मी नाही म्हटलं. महिना बावीस हजा—